सोय आहे का?

"तिथे सोय आहे का?"

आईने एवढंच विचारलं. शनिवारी रात्री आम्ही दुसऱ्या दिवशीच्या सहलीचा बेत करत बसलो होतो. बेत साधा होता. सकाळी लवकर निघायचं, सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत जायचं, तिथून वर भुलेश्वर, मग सासवडला संगमेश्वर आणि चांगावटेश्वर, वाटेत कुठेतरी जेवण आणि दिवे घाटातून संध्याकाळी घरी. पुणेकरांची अगदी नेहमीची एका दिवसाची सहल.

"हो आई, सगळी सोय आहे," नवरा उत्साहाने म्हणाला. "गाडी पार देवळापर्यंत जाते. आणि वाटेत पिठलं-भाकरी फर्स्ट क्लास मिळते."

आई "बरं" म्हणाली. पाचच मिनिटांनी म्हणाली, "असं करा, तुम्हीच जाऊन या. माझे गुडघे हल्ली फार कुरकुरतात."

आता माझी आई ७४ वर्षांची आहे हे खरं. पण ती रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढते आणि उतरते. आणि भुलेश्वरला जायचं तिच्या मनात कितीतरी वर्षांपासून आहे. तिथे स्त्रीरूपातल्या गणपतीचं शिल्प आहे, असं तिने कधीतरी पेपरात वाचलं होतं. ते कात्रण तिच्या पोथ्यांमध्ये अजून आहे, पिवळं पडलेलं. म्हणजे गुडघ्यांचा काही संबंध नव्हता.

नवऱ्याला ‘सोय’ म्हणजे पार्किंग आणि जेवण वाटलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष, असं लिहिणार होते. पण मग म्हटलं, का बिचारा? लग्नाला एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत बायकांच्या तोंडी ‘सोय’ म्हणजे काय हे कळू नये?

सरळच सांगते. संडास. मुतारी. आई ७४ वर्षांची झाली तरी जावयासमोर हा शब्द उच्चारू शकत नाही, म्हणून ती ‘सोय’ म्हणते. माझ्या मावश्या ‘जाऊन येते’ म्हणतात, सासूबाई ‘हातपाय धुवायला जागा’ म्हणतात, आम्ही शाळेत करंगळी दाखवायचो. शब्द बदलतात. प्रश्न तोच, आणि त्याचं उत्तरही बहुतेक वेळा तेच असतं.

त्या रविवारी आम्ही कुठेच गेलो नाही. पण मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते आईमुळे नाही, लेकीमुळे. ती तेरा वर्षांची आहे. त्याच्या आदल्याच महिन्यात तिची शाळेची सहल गेली होती. संध्याकाळी तिची बॅग रिकामी करताना पाण्याची बाटली हाताला जड लागली. उघडून बघते तर काठोकाठ भरलेली. सकाळी मी भरून दिली होती तशीच.

"अगं, दिवसभर पाणीच प्यायली नाहीस?"

"नाही. आजी म्हणते, बाहेर जाताना कमी प्यावं."

मला काय बोलावं सुचेना. कारण हे मला कोणीच शब्दांत शिकवलं नव्हतं, मी नुसतं बघून शिकले होते. लहानपणी एसटीने आम्ही देवदेव करत फिरायचो. थेऊर, मोरगाव, जेजुरी, आळंदी. पाण्याची मोठी पितळी फिरकी आईच्या पिशवीत असायची. ती सगळ्यांना विचारून विचारून पाणी द्यायची आणि स्वतः एक घोटही घ्यायची नाही. मला वाटायचं, आईचं किती बरं आहे, तिला तहानच लागत नाही! मला तिचा अभिमान वाटायचा. मोठी झाल्यावर मीपण अशीच होणार, असं मी ठरवलं होतं.

झालेच. सहलीच्या दिवशी सकाळी मी अर्धा कप चहा घेते. निघताना शेवटची मीच ‘जाऊन येते’. गाडीत बसल्यापासून डोक्यात एक गणित चालू असतं. सात वाजता निघालो, साडेनऊला पोचणार, बाराला खाली उतरणार, साडेबाराला हॉटेल. म्हणजे साडेपाच तास. जमेल. बाकीचे डोंगर बघत असतात, मी घड्याळ बघत असते. हे गणित न करता सहलीला निघणारी एकही बाई माझ्या ओळखीत नाही. आणि हे गणित ज्याला ठाऊक आहे असा पुरुष मला आजवर भेटलेला नाही. त्यांच्यासाठी अख्खा सह्याद्री आहे. गाडी बाजूला घ्यायची, झाडाकडे तोंड करायचं, झालं.

आता माझं खरं म्हणणं सांगते. काही लोकांना ते पटणार नाही.

एक तक्रार आपल्याकडे कायम ऐकू येते. लोकांना इतिहासाचं काही पडलेलं नाही. किल्ल्यावर जातात ते भजी खायला. देवळात दहा मिनिटं आणि हॉटेलात दोन तास. पूर्वीसारखी अभ्यासू माणसं राहिली नाहीत, सगळे मेले खादाड. हे लिहिणारे, बोलणारे बहुतेक पुरुष असतात आणि आपल्या संस्कृतीचं कसं होणार या काळजीने त्यांचा जीव कासावीस झालेला असतो.

मी म्हणते, आमच्या सहली हॉटेलाभोवती फिरतात याचं कारण आमची जीभ नव्हे. हॉटेलाला आतून कडी लागणारं एक दार असतं, हे आहे. दिवसभराच्या रस्त्यावर तेवढं एकच दार. मग सहलीचा आराखडा त्या दाराभोवतीच बसणार. हॉटेल आधी ठरतं, मग त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं एकेक ठिकाण ठरतं. जेवण झाल्यावर बायका उठायला का तयार नसतात? कारण परत घरी पोचेपर्यंत पुढचे चार तास कसे काढायचे हे त्यांना माहीत असतं, म्हणून त्या दुसऱ्यांदा ‘जाऊन येतात’. आणि एका दारासमोर दहा जणींची रांग असते. हॉटेलातले दोन तास तिथे जातात, पिठल्यात नाही.

खाण्याशी माझं भांडण नाही, हेही सांगून टाकते. सिंहगडावर मडक्यातलं दही आणि कांदाभजी खाल्ल्याशिवाय मला गडावर गेल्यासारखंच वाटत नाही. पण मला दही हवं म्हणून मी थांबले, आणि दुसरा इलाजच नव्हता म्हणून थांबले, यात फरक आहे.

शिवाय हे हॉटेलाचं दार सगळ्यांसाठी उघडं नसतं. घरून डबा घेऊन निघालेली चार-पाच जणांची कुटुंबं तुम्ही पाहिली असतील. दशम्या, बटाट्याची भाजी, लोणचं. झाडाखाली सतरंजी टाकून बसतात. दहा वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही तसेच जायचो. त्यातल्या बाईने कुठे जायचं? एकदा मी पैसे द्यायला काउंटरशी उभी असताना अशी एक बाई आत आली होती, कडेवर मूल घेऊन. काउंटरवरच्या माणसाने मागच्या पाटीकडे बोट केलं. ‘प्रसाधनगृह फक्त ग्राहकांसाठी’. ती काही न बोलता परत फिरली. त्या माणसालाही मी पूर्ण दोष देत नाही. पाणी टँकरचं, साफ करणारा माणूस त्याच्या पगारावर. सरकारने करायचं काम त्याने फुकट का करावं? पण ती बाई परत फिरली, ते काही माझ्या डोक्यातून जात नाही. मी तिला हाक मारून "माझ्याबरोबर चला" म्हणू शकले असते. मलाही ते सुचलं गाडीत बसल्यावर.

बागांचं काय? बाग म्हणजे तरी शहरातली गोष्ट, ड्रेनेज आहे, नळ आहे. पण पुण्यातल्या बऱ्याच बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या असतात, भर दुपारी बंद. म्हणजे बाहेरगावाहून सहलीला आलेल्या माणसाला जेव्हा सावलीत टेकायचं असतं, नेमकी तेव्हा कुलपं. आणि उघड्या असतानाही सगळंच उघडं असतं असं नाही. एका बागेत मी लेकीला घेऊन गेले होते, ती पाच-सहा वर्षांची असताना. ‘महिला’ अशी सुंदर रंगवलेली पाटी, फरशी चकचकीत, दाराला कुलूप. किल्ली वॉचमनकडे. वॉचमन म्हणाला, "घाण करतात लोक. साहेब येणार असले की उघडतो." मी विचारलं, "साहेब बायकांच्या संडासात जातात का?" त्याने हसून किल्ली दिली. पण प्रत्येक बाईने किल्लीसाठी विनोद का करायचा?

बागेचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की तक्रार त्या एका ठिकाणाची होते आणि बाकीचे सुटतात.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. मूळ कोराकुएन तिथल्या सरदाराने स्वतःसाठी केली, १७०० साली ती पूर्ण झाली. अशा बागांची रचनाच हळूहळू फिरण्यासाठी असते. वाट वळली की नवं दृश्य, पूल ओलांडला की तेच तळं वेगळं. घाईत चालणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. ती बाग पुढे १८८४ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. मला या ‘खुली झाली’चा विचार करावासा वाटतो. खासगी बाग लोकांची होते म्हणजे नक्की काय होतं? फाटक उघडलं की झालं का? सरदाराला त्याच्या बागेत तासन् तास फिरता येत होतं, कारण त्याला कुठल्याच गोष्टीची चिंता नव्हती. बाईला ते दोन तास निश्चिंतपणे मिळणार नसतील, तर तिच्यासाठी ते फाटक अर्धंच उघडलं आहे.

आता किल्ले आणि जुनी ठिकाणं. इथे मात्र वाद सुरू होतात. हा विषय मी आजवर जिथे जिथे काढला तिथे ठरावीक उत्तरं मिळाली. एकेक घेते.

पहिलं उत्तर: "पूर्वीच्या बायका काय करत होत्या?" यांना मी रायगडावर घेऊन जाईन. राणीवशाच्या महालांच्या जोत्यांमध्ये शौचकूप आहेत. गाईड ते आवर्जून दाखवतो. सगळे वाकून बघतात, थोडे हसतात, "बघा, त्या काळातसुद्धा!" म्हणतात, फोटो काढतात. मग शिवकाळात गडावर राहणाऱ्या बायकांसाठी ज्याचा विचार झाला होता, ती गोष्ट आज मागितली की नखरे कसे होतात? आणि गडाखालच्या गरीब बायका काय करत होत्या, तर पहाटेच्या अंधाराची वाट बघत होत्या. त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

काहीजण पावित्र्याचा मुद्दा काढतात. गडावर संडास म्हणजे विटंबना. त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ काढून दुर्गांचं प्रकरण वाचावं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा ग्रंथ. गड बांधण्याआधी तिथलं पाणी बघा, असं त्यात सांगितलं आहे. गडावर केरकचरा पडू देऊ नये, तो गडाखालीही टाकू नये, जागच्या जागी जाळून त्याची राख परसात टाकावी आणि तिथे भाजीपाला करावा, इतक्या बारकाईने सांगितलं आहे. स्वराज्याच्या अमात्यांना केराबद्दल लिहिताना लाज वाटली नाही. ती आपल्यालाच वाटते. सोय नसलेल्या गडावर तटाच्या आडोशाला काय काय पडलेलं असतं ते जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. विटंबना व्हायची ती रोज होतेच आहे.

दुसरं उत्तर: "संरक्षित वास्तू आहे, तिथे बांधकाम करता येत नाही." हे उत्तर फार भारदस्त वाटतं. मीही बरीच वर्षं गप्प बसत होते. मग एकदा कायदाच काढून वाचला. केंद्र सरकारचा प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा, त्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. बरोबर. पण त्याच कायद्यात ‘बांधकाम’ म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे, आणि त्या व्याख्येतून काही गोष्टी स्पष्टपणे वगळल्या आहेत. त्यात सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या आहेत. लोकांसाठी पाणीपुरवठ्याची कामंही आहेत. म्हणजे त्या १०० मीटरात बंगला बांधता येत नाही, पण बायकांसाठी संडास बांधायला ही मनाई आडवी येत नाही. अर्थात प्रत्यक्ष स्मारकाच्या अंगावर उठून कोणी खणू नये, परवानग्या घ्याव्यात, जागा डोकं वापरून निवडावी, काँक्रीटचा गुलाबी ठोकळा उभा करू नये. पण ‘कायद्याने येत नाही’ असं यापुढे कोणी मला सांगू नये.

तिसरं उत्तर: "पाणी कुठून आणायचं? मैला कुठे सोडायचा?" हा प्रश्न खरा आहे. पण ज्या ठिकाणी आपण हा प्रश्न विचारतो, ती ठिकाणं पाण्याचा प्रश्न सोडवूनच उभी राहिलेली आहेत. बहुतेक गडांवर खडकात खोदलेली टाकी आहेत. सिंहगडाचं देवटाकं घ्या. इकडे पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमाराला, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळांतून पार शनिवारवाड्यापर्यंत आणि गावातल्या हौदांपर्यंत आणलं होतं. मैल्याचं म्हणाल तर डीआरडीओने सियाचिनसारख्या ठिकाणच्या जवानांसाठी जिवाणूंच्या मदतीने मैला कुजवणारी शौचालयं तयार केली. त्याच तंत्राची शौचालयं आज रेल्वेच्या डब्यांत आहेत. धावत्या गाडीत जमतं, ते एका जागी स्थिर उभ्या असलेल्या डोंगरावर का जमू नये?

चौथं उत्तर: "बांधून काय उपयोग, आपले लोक घाण करतात." हे ऐकलं की मला त्या बागेतला वॉचमन आठवतो. पण या उत्तरात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. बांधलेलं असूनही न वापरता येणारं मीही पाहिलं आहे. एका किल्ल्यावर मावशीला घेऊन गेले होते. पत्र्याची खोली होती. आत पाणी नाही, दाराला कडी नाही, आणि वास असा की दहा पावलांवर थांबावं. मी ओढणी दोन्ही हातांनी ताणून धरली आणि मावशीचं दार झाले. माझ्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या तीन अनोळखी बायका आपली पाळी येण्याची वाट बघत होत्या. त्यांचंही दार मीच झाले. परत आल्यावर चार दिवसांनी मावशीला ताप भरला, लघवीला जळजळ. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पिता?" मावशी म्हणाली, "घरी भरपूर पिते हो."

पण ती खोली तशी का होती? कारण ती बांधण्यासाठी कोणीतरी पैसे दिले होते आणि राखण्यासाठी कोणीच दिले नव्हते. उद्घाटनाला नारळ फुटतो, फीत कापली जाते. साफ करणाऱ्याच्या पगारासाठी कोण फीत कापणार? आणि इथे आपण सगळे आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. साफ करायला शेवटी कोणाला तरी उभं राहावं लागतं, आणि आपल्या देशात ते ‘कोणीतरी’ कुठल्या जातीचं असतं हे आपल्याला चांगलं माहीत आहे. म्हणून मला नुसता संडास नको. तो राखणाऱ्या माणसाला नियमित पगार, हातमोजे, पाण्याची सोय, बसायला खुर्ची आणि तिलाही वापरता येईल असं दार हवं. ‘तिला’ म्हटलं, कारण हे काम करणारी बहुतेक वेळा बाईच दिसते. पैसे लागतील. लागू देत. १९७० मध्ये बिंदेश्वर पाठकांनी सुरू केलेल्या ‘सुलभ’ने लोक चांगल्या सोयीसाठी पैसे देतात हे कधीच दाखवून दिलं आहे. फक्त ते दोघांकडून घ्या. पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांना पाच रुपये, हा न्याय कुठला? मुंबईतल्या ‘राइट टू पी’ चळवळीतल्या बायका २०११ पासून हेच विचारत आल्या आहेत.

आणि हे सगळं काही मी एकटीच बडबडते आहे असं नाही. पुण्यातल्याच ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या विद्या बाळ आणि इतरांनी बायकांच्या स्वच्छतागृहांसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. डिसेंबर २०१५ मध्ये तिचा निकाल लागला. रस्त्यावर, सार्वजनिक जागी बायकांना स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृह मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने मानलं आणि महापालिकांना आदेश दिले. तो निकाल शहरांपुरता होता. पण बाईचं मूत्राशय महापालिकेच्या हद्दीबाहेर गेल्यावर काही बदलत नाही!

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी. बातमी आली त्या दिवशी आम्हीही घरात पेढे आणले. आई रायगडाच्या आठवणी सांगत होती. अभिमान मलाही आहे. पण जागतिक वारसा म्हणजे जगातल्या सगळ्या माणसांचा वारसा ना? त्यात निम्म्या बायका. त्यांना तिथे उभं राहून तटबंदीकडे शांतपणे बघता यावं, एवढं तरी आपण करणार की नाही? की फलक मोठा लावणार, प्रकाशझोत सोडणार, सेल्फी पॉइंट करणार आणि पत्र्याच्या खोलीला पुन्हा एकदा रंग देणार?

माझ्या मागण्या अगदी बारीक आहेत. तिकिटाच्या खिडकीवरच लिहा: स्वच्छतागृह आहे की नाही, कुठे आहे, वर आहे की पायथ्याशी. नसेल तर ‘नाही’ लिहा, म्हणजे माणूस तसं ठरवेल. दाराला आतून कडी. पर्स अडकवायला एक खिळा. पाणी. झाकणाची कचऱ्याची टोपली, कारण लेकी मोठ्या होत आहेत. किल्ली वॉचमनच्या खिशात नको. एवढंच. यातल्या कशालाच जागतिक दर्जा वगैरे लागत नाही.

आणि एक मागणी तुमच्याकडे, म्हणजे घरातल्या पुरुषांकडे. त्या फसलेल्या रविवारनंतर मी नवऱ्याला समोर बसवलं आणि ‘सोय’ या शब्दाचा अर्थ सांगितला. बाटलीचीही गोष्ट सांगितली. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी आईंना घेऊन जाऊ. मी विचारून ठेवतो."

त्याने खरंच फोन केले. वाटेवरच्या तीन हॉटेलांना. मी शेजारीच बसले होते. पहिल्या फोनवर त्याने पार्किंग विचारलं, जेवण विचारलं, आणि "बरं, ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. मी नुसती बघत होते. दुसऱ्या फोनवर म्हणाला, "आणि, अं, लेडीजसाठी... म्हणजे सोय आहे ना?" पलीकडचा म्हणाला असणार, आहे, आहे, सगळी सोय आहे. कारण नवरा लालबुंद झाला आणि म्हणाला, "नाही हो, म्हणजे टॉयलेट. लेडीज टॉयलेट. स्वच्छ आहे का? पाणी असतं का?" तिसऱ्या फोनला सराईत झाला.

मग आम्ही गेलो. आईने स्त्रीरूपातला गणपती बघितला, खांबावर हात टेकून बराच वेळ बघत उभी राहिली. पण त्या निश्चिंतपणाचे पैसे आम्ही हॉटेलाच्या बिलात भरले होते. आम्हाला ते परवडलं, म्हणून आईचं दर्शन झालं. कडेवर मूल घेऊन परत फिरलेल्या त्या बाईचं काय, हा प्रश्न तिथेच राहिला.

रात्री नवरा म्हणाला, "खरं सांगू? फोनवर ते विचारायला मला कसंतरीच झालं."

झालंच पाहिजे. एका फोनला त्याला कसंतरीच झालं. आईला पन्नास वर्षं तसं होत होतं.

तेव्हा पुढच्या सहलीला फोन तुम्हीच करा. आणि ‘सोय’ म्हणू नका, नीट शब्द वापरा.